आत्याला सांगितलेला शेवटचा भाग

आमच्या घराण्यातलं नऊ वर्षांचं एक भांडण मी झोपेत मिटवलं.

म्हणजे अगदी झोपेत नाही, झोपेतून उठल्यावर लगेच. (झोपेत मी फक्त घोरतो, असं माझ्या बायकोचं, संध्याचं, म्हणणं आहे.) या गोष्टीला अकरा वर्षं झाली आणि यंदापर्यंत संध्याशिवाय मी ती कुणालाही सांगितली नव्हती. सांगण्यासारखी नव्हतीच. आर्वीच्या एका सरकारी कचेरीत मी आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर आल्याची तारीख आणि गेलेल्या कागदावर गेल्याची तारीख टाकण्यात माझं आयुष्य गेलं. अशा माणसानं एका मालिकेचा अख्खा शेवट स्वतःच रचून सांगावा, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

मालिकेचं नाव होतं ‘सहा पायऱ्यांचं घर’. वसुधा आणि मालती या दोन बहिणी पुण्यातल्या एका घरात वाढतात, पुढे त्यांचं बोलणं तुटतं आणि वसुधा घर सोडून जाते. बस, गोष्ट एवढीच. पण चार वर्षं संध्याकाळी सात वाजले की मी जगाला मेलो! सातला पाच कमी असताना कुणी दारात आलं तर मी पाणी विचारायचो, पण बसा म्हणायचो नाही. एकदा ऐन सात वाजता साहेबांचा फोन आला. ‘रेंज नाही साहेब, तुमचा एकही शब्द ऐकू येत नाही,’ असं मी त्यांच्या प्रत्येक वाक्याला उत्तर म्हणून सांगत राहिलो.

माझ्याइतकाच त्या मालिकेत जीव अडकलेलं दुसरं माणूस म्हणजे माझी मोठी आत्या. ती आमच्या शेजारच्याच कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात एकटी राहते. शाळेतून निवृत्त झालेली. तिनं अर्ध्या आर्वीला पाढे शिकवले आणि उरलेल्या अर्ध्या आर्वीला कान धरून उभं केलं. मी दोन्हीत येतो.

मोठ्या आत्याला एक धाकटी बहीण, हिंगणघाटची आत्या. त्या वेळी या दोघींचं बोलणं नऊ वर्षांपासून बंद होतं. कारण काय, तर रुखवत! हिंगणघाटच्या आत्याच्या मुलीचं लग्न होतं. मोठ्या आत्यानं महिनाभर खपून साखरेच्या चौकोनी वड्यांचा दुमजली बंगला केला. खिडक्यांना गज, गच्चीवर तुळस! लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं तेव्हा समोर कूलर, कूलरवर मिक्सर, मिक्सरवर जावयाची सुटकेस आणि या सगळ्यांच्या मागे तो बंगला. त्यात वरपक्षाकडच्या कुणाला तरी कूलर चालतो का ते बघायची हुक्की आली. त्यानं आत दोन बादल्या पाणी ओतलं आणि बटण दाबलं. बंगल्याचा वरचा मजला अर्ध्या तासात खाली आला.

मोठी आत्या न जेवता एसटीत बसली. ‘तिनं मुद्दाम मांगं ठेवला,’ असं एकीचं म्हणणं. ‘सांगाले काय झालतं? म्या समोर ठेवला असता,’ असं दुसरीचं. दोघींचं म्हणणं दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं. एकमेकींना मात्र सांगितलं नाही.

म्हणूनच मोठी आत्या ती मालिका इतकी जीव लावून पाहते, हे मला कळत होतं. वसुधानं मालतीकडे पाठ फिरवली की आत्या टीव्हीला सांगायची, ‘बरोबर केलं.’ आणि मग पदरानं नाक पुसायची. मी बघितलं न बघितल्यासारखं करायचो.

शेवटच्या आठवड्यात वसुधा मालतीला भेटायला परत निघाली आणि नेमकं त्याच आठवड्यात वर्ध्याला आत्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी आली. आठ दिवस टीव्ही पाहायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

‘पम्या, तू पाह्य अन् मले येऊन सांग,’ आत्या म्हणाली. ‘कोन काय बोललं, समदं. आपल्या मनचं काई घालू नको.’

‘आत्या, मी आवक-जावकले आहो. मले मनचं घालता येत असतं तं मी आजवर साहेब नसतो झालो?’

शेवटच्या भागाच्या दिवशी दुपारी कचेरीतल्या एकाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता आणि जेवणात बेसनाच्या पाटोडीचा रस्सा होता. मी किती पाटोड्या खाल्ल्या ते सांगत नाही, पण वाढणारा तिसऱ्या फेरीला माझ्या पानाशी रश्श्याचा गंज, म्हणजे अख्खं पातेलंच, ठेवून गेला. साडेसहाला घरी आलो. कूलर लावला, सतरंजी टाकली, टीव्ही सुरू केला. संध्या आत्याच्या डोळ्यात थेंब टाकायला शेजारी गेली होती. पडद्यावर वसुधा रिक्षातून उतरली. एकेक करत सहा पायऱ्या चढली. दारावर टकटक केली. कूलरची गार हवा माझ्या भरल्या पोटावरून गेली… आणि मी डोळे उघडले तेव्हा नावं सरकत होती. वेशभूषा! संकलन! विशेष आभार! चार वर्षं ज्या पाच मिनिटांची वाट पाहिली, ती पाच मिनिटं मी घोरण्यात घालवली होती.

तसाच उठून शेजारी गेलो. आत्या बाजेवर ताठ बसली होती.

‘उघडलं का तिनं दार?’

आता खरं सांगायला हवं होतं. ‘आत्या, मी झोपलो,’ एवढंच तर म्हणायचं होतं! पण तिचा एक डोळा पट्टीखाली होता आणि दुसरा माझ्यावर होता. त्या उघड्या डोळ्यात मी कधी पाहिली नव्हती अशी भीती होती. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘उघडलं न!’

‘मंग?’

‘मंग… मालती म्हणे, ताई, इतका उशीर काऊन केला?’ (मालती पक्की पुण्याची. ती ‘काऊन’ म्हणणं शक्य नव्हतं. पण घाईत रचताना एवढं भान राहत नाही.)

‘अन् वसुधा?’

‘वसुधा रडली. मंग दोघीनं चहा पेला.’

‘साखर घातली होती?’

‘भरपूर!’

‘बरं झालं,’ आत्या म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पाय ठेवला तर शेजारच्या टेबलावरच्या मॅडम पेटलेल्या. ‘काय शेवट केला जी! चार वरसं पाह्यलं अन् दारच नाई उघडलं तिनं! खिडकीतून पाह्यत राह्यली अन् थे बिचारी पायऱ्या उतरून वापस गेली!’

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी धावलो. आत्याच्या दाराला कुलूप होतं.

‘तुमी कचेरीत गेले अन् त्या साडेदहाच्या वर्धा गाडीनं गेल्या,’ संध्या म्हणाली. ‘पट्टीवरून काळा चष्मा लावला अन् निघाल्या. वर्ध्याहून हिंगणघाटची गाडी धरतो म्हणे. मी लय म्हणलं, आठ दिवस तं जाऊ द्या. तं म्हणते, वसुधा गेली न!’

त्या दुपारी मी जेवलो नाही. (आदल्या दुपारच्या पाटोड्या अजून पोटात होत्या, हे खरं. पण मुख्य कारण काळजी.) डोळ्यासमोर एकच चित्र येत होतं, आत्या दारात उभी आहे आणि आतली बहीण खिडकीतून पाहते आहे. संध्याकाळी फोन आला. ‘पम्या, मी आठ दिवस इथीच आहो. सरगुंडे करून राह्यलो आमी.’ (सरगुंडे म्हणजे काडीवर वळून वाळवायच्या शेवया.) मागून हिंगणघाटची आत्या कशाला तरी मोठ्यानं हसली. मी फोन ठेवला आणि देवापुढे जाऊन उभा राहिलो.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात एक बहीण दुसरीकडे जाते. एकीनं पापड लाटायचे, दुसरीनं ते जाड झाले म्हणायचं. दोघींचं भांडण रोज होतं आणि रोज मिटतं. ते बघून माझी भीती हळूहळू ओसरली आणि, खरं सांगायचं तर, तिच्या जागी अभिमान आला. हे मी केलं! कचेरीत कुणी मला कमी लेखलं की मी मनात म्हणायचो, बोला बोला, मी दोन बहिणी जोडलेला माणूस आहे.

आणि यंदा बातमी आली. ‘सहा पायऱ्यांचं घर’ परत येणार. नवं पर्व, तीच माणसं, तीच वेळ.

दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसेल, पण मला त्या दिवशी कचेरीत बसवेना. अकरा वर्षांत मी मनानं त्या घरी किती वेळा जाऊन आलो होतो! कोणती पायरी फुटकी आहे, कोणत्या खिडकीचा पडदा निळा आहे, सगळं मला पाठ. मग टीव्हीवर जाहिरात पाहिली. वसुधाचे केस पांढरे झाले होते आणि मला माझे आठवले. मालती पायरी उतरताना कठडा धरत होती. पहिल्या वेळी ही मालिका पाहायचो तेव्हा मीही आमच्या स्लॅबवर जायची शिडी न धरता चढायचो, आता धरूनही दोनदा थांबतो. आवडतं काही परत येणार म्हटलं की आपल्याला वाटतं, यावं, आणि गेलं होतं तसंच्या तसं यावं. ते तसं येत नाही, आणि आपणही तिथे तसेच बसलेले नसतो. आनंद खरा होता. पण तो ओसरल्यावर मी उठून आरशात माझे केस पाहून आलो.

हे झालं माझं हळवेपण. खरा घाम त्या जाहिरातीच्या शेवटच्या वाक्यानं फुटला. धीरगंभीर आवाजात एक माणूस म्हणाला, ‘अकरा वर्षं बंद असलेलं ते दार… आता तरी उघडेल?’

आत्यानं तीच जाहिरात तिच्या घरी पाहिली आणि मला हाक मारली.

‘पम्या, थो बंद दार काऊन म्हणून राह्यला? तू तं म्हणे उघडलं.’

‘थे मांगचं दार असंन, आत्या.’

‘मांगं तं न्हाणी होती तिच्या घरी.’

‘मंग न्हाणीचं!’

आत्या माझ्याकडे पाहत राहिली. या वेळी दोन्ही डोळ्यांनी.

मला झोप लागेना. साखरेच्या बंगल्यावरून जी बाई नऊ वर्षं बोलली नाही, तिला जर कळलं की आपण एका झोपाळू भाच्याच्या थापेवर विश्वास ठेवून, पट्टी बांधून, गाड्या बदलत बहिणीच्या दारात गेलो, तर? तिला तो अपमान वाटला तर? ‘खऱ्या गोष्टीत तं दार उघडतच नव्हतं,’ असं म्हणून ती पुन्हा घुम्यासारखी बसली तर? मोठी आता अठ्ठ्याहत्तरची, धाकटी चौऱ्याहत्तरची. आणखी नऊ वर्षं रुसायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

‘सांगून टाका न त्याईले,’ संध्या म्हणाली.

‘सांगतो.’

नाही सांगितलं. आणि पहिल्या भागाच्या दिवशी दुपारच्या गाडीनं हिंगणघाटची आत्या दोन पिशव्या घेऊन उतरली! ‘म्हणलं दोघी मिळून पाहू,’ ती म्हणाली. मी पिशव्या उचलल्या, तेवढंच माझ्या हातात होतं.

पावणेसातला संध्याही आत्याकडे मालिका पाहायला गेली आणि मला उपाय सुचला. आत्याच्या घरावर कवेलू, त्यामुळे तिच्या टीव्हीची छत्री आमच्या स्लॅबवर बसवलेली आहे, आमच्या छत्रीच्या शेजारीच. वायर काढायची की काम झालं! आज नाही दिसणार, उद्या मागचं काही दाखवणार नाहीत, सरळ नवी गोष्ट सुरू होईल. मी शिडी लावली, दोनदा थांबून वर चढलो आणि वायर उपटली. मग उतरायला मागे पाय टाकला, तो शिडीला असा काही लागला की शिडी सरकली आणि अंगणात आडवी झाली.

मे महिना होता. दिवसभराचं ऊन त्या स्लॅबनं साठवून ठेवलं होतं. बसवत नव्हतं, आणि उभं राहिलो असतो तर गल्लीला दिसलो असतो. मी चवड्यांवर टेकलो. तेवढ्यात शेजारच्या कवेलूतून ‘सहा पायऱ्यांचं घर’चं सुरुवातीचं संगीत माझ्या कानावर आलं. अगदी स्पष्ट!

मी आमच्याच टीव्हीची वायर उपटली होती.

ज्या संगीताची अकरा वर्षं वाट पाहिली ते मी चटके सोसत, दिसत काही नसताना, शेजारच्या कौलांकडे कान लावून ऐकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं स्लॅबमुळे आलं असेल, पण सगळं नाही.

मग तो धीरगंभीर आवाज आला, ‘अकरा वर्षांपूर्वी…’ आणि मी झोपेत घालवलेली पाच मिनिटं त्यांनी पुन्हा दाखवायला घेतली. दारावर टकटक झाली. एकदा. दोनदा. कुणी काही बोललं नाही. मग पावलं पायऱ्या उतरत गेली, मी मोजली, सहा. आणि आत्याच्या घरातला आवाज एकदम बंद झाला.

मोठी आत्या बाहेर येऊन ओट्यावर बसली. तिच्यामागून हिंगणघाटची आत्या आली आणि जरा अंतर ठेवून टेकली. मी श्वास रोखून कठड्यामागे.

‘तुले माहीत होतं हे?’ मोठीनं विचारलं.

‘हो. त्या दिवशी पाह्यलं होतं मी.’

‘मंग मी तुया दारात येऊन म्हणलं का मालतीनं उघडलं तसं उघड, तवा तू बोलली काऊन नाई?’

‘काय बोलू?’ हिंगणघाटची आत्या म्हणाली. ‘आदल्या रातभर झोप नाई मले. थे बाई पायऱ्या उतरून गेली अन् ही खिडकीत उभी! लय राग आला तिचा. मंग मनात आलं, मी तरी काय करून राह्यली? नऊ वरसं मीबी खिडकीतच उभी आहो. अन् दुसऱ्या दिवशी पाह्यते तं तू. डोयावर पट्टी, हातात पिशवी. मले कडी निघे ना घाईत.’

मी वर हिशेब मांडला. म्हणजे माझ्या शेवटानं एकीला घराबाहेर काढलं आणि खऱ्या शेवटानं दुसरीला दार उघडायला लावलं. निम्मं श्रेय गेलं. उरलेलं निम्मं तरी आपलं आहे, ते आत्ताच माफी मागून पदरात पाडून घ्यावं, म्हणून मी कठड्यावरून डोकं वर काढलं.

‘आत्या!’

दोघींनी वर पाहिलं. ‘तठी काय करून राह्यला रे?’

‘आत्या, मले माफ कर. म्या खोटं सांगितलं होतं. मी त्या दिवशी झोपलतो.’

‘माहीत आहे,’ मोठी आत्या म्हणाली.

‘काय माहीत आहे?’

‘झोपलता थे. गालावर सतरंजीचे वळ घेऊन आलता तू. मले एक डोया तं होता न! अन् मालती पुण्याची. थे काऊन कशाले म्हणन?’

मी कठडा घट्ट धरला. ‘मंग तू गेली कशाले?’

अंधारून येत होतं, तिचा चेहरा मला वरून नीट दिसत नव्हता.

‘मले जायाचं होतं,’ ती म्हणाली. ‘नऊ वरसं जायाचं होतं. पन दार उघडते म्हनून कोनी सांगितलं नाई. तू सांगितलं. खरा शेवट काय होता थे म्या मंग कोनाले विचारलंच नाई. विचारलं असतं तं पाय निघाला नसता माया.’

हिंगणघाटची आत्या सरकून तिच्याजवळ बसली. मध्ये अंतर होतं ते उरलं नाही. खाली उतरावं आणि दोघींच्या पाया पडावं असं मला मनापासून वाटलं, पण त्यासाठी आधी खाली उतरायला हवं होतं.

‘कोनीतरी शिडी लावता काय?’ मी म्हणालो.

एवढ्यात आतून संध्या धावत आली. ‘आत्या, चाला, चाला! वसुधा वापस आली! पायऱ्या चढून राह्यली!’

दोघी अशा उठल्या की अठ्ठ्याहत्तर आणि चौऱ्याहत्तर हे आकडे मलाच चुकीचे वाटले.

‘संध्या, शिडी!’ मी ओरडलो.

तिनं वर पाहिलं. तिला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ‘ब्रेक लागला का लावते!’ असं म्हणून तीही आत गेली.

आवाज पुन्हा मोठा झाला. दारावर टकटक झाली आणि आत तिघींनी एकदम ‘हाय!’ केलं. कशाला केलं ते मला दिसलं नाही. ज्या दोघींना मीच एकत्र आणलं असं मी अकरा वर्षं समजत होतो, त्या आता मला एका स्लॅबवरून खाली आणायला जाहिराती लागायची वाट पाहत होत्या. मीही पाहिली. चांगली तासभर पाहिली. नव्या पर्वाचा पहिला भाग, प्रेक्षकांच्या प्रेमाखातर, विनाजाहिरात होता!